मलिक अंबर : विकला गेलेला मुलगा आणि निजामशाहीचा सेनापती

(बीड जिल्ह्यातील बौद्ध बांधवांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इतिहास हा विषय आपल्या लोकांना आजवर परका वाटत आला आहे. ज्या बखरींत राजे, सरदार आणि त्यांचे पुरोहित यांच्याखेरीज कोणी माणूसच नाही, आणि आपला पूर्वज आलाच तर वेसकर किंवा वेठीचा गडी म्हणून येतो, त्या बखरींविषयी आपल्याला जिव्हाळा कोठून वाटावा? परंतु आता आपली मुले-मुली शाळेत जातात. रात्री दिव्यापाशी बसून ती निजामशाही, आदिलशाही, मोगल ही नावे घोकतात. त्या नावांच्या गर्दीत एक नाव असे आहे की ते नुसते घोकून पुढे जाऊ नये. ते नाव मलिक अंबर.

हा पुरुष कोणत्या कुळातला होता? कोणत्याच नाही. त्याला जहागीर वारशाने मिळाली होती काय? त्याला वारशाने स्वतःचे शरीरसुद्धा मिळाले नव्हते. त्याचा जन्म सुमारे 1548 साली आफ्रिका खंडातील हबसाणात, म्हणजे आज ज्याला इथिओपिया म्हणतात त्या देशात झाला. आईबापांनी ठेवलेले नाव चापू. पीटर व्हॅन डेन ब्रोक नावाचा एक डच व्यापारी 1617 साली अंबरला प्रत्यक्ष भेटला होता. त्याने लिहून ठेवले आहे की, हा मुलगा तांबड्या समुद्रावरील मोखा बंदरात 80 गिल्डरांना विकला गेला. तेथून तो बगदादला गेला. तेथील मीर कासीम नावाच्या धन्याने त्याला लिहावयास-वाचावयास शिकविले, इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नाव ठेवले.

येथे थोडे थांबा. तुम्हीही धर्मांतर केले आहे, आणि तुमच्यापैकी पुष्कळांनी नावेही बदलली आहेत. कचरू, धोंडी, दगडू ही नावे टाकून आपण आपल्या मुलांची नावे राहुल, आनंद, सुजाता अशी ठेवली. या दोन धर्मांतरांत जो भेद आहे तो लक्षात घ्या. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला जे लोक उभे राहिले ते स्वतःच्या पायांनी चालत गेले होते. चापूचा धर्म आणि चापूचे नाव त्याच्या धन्याने बदलले, जसे विकत घेतलेल्या घोड्याचे नाव नवा मालक बदलतो. तो धर्म पुढे त्याने मनापासून पाळला, हे त्याच्या आयुष्यावरून दिसते. तरी सुरुवात ती तशी झाली.

बगदादहून अंबर दख्खनेत आला तो 1570 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. त्याला विकत घेणारा धनी अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान. आणि नवल असे की, हा पेशवा स्वतःच एके काळी विकत आणलेला हबशी गुलाम होता! त्याच्या पदरी एक हजार हबशी होते. राज्याचा कारभार पाहणारा मुख्य मंत्री गुलामाच्या जातीचा, ही गोष्ट आपल्या गावगाड्यात वाढलेल्या माणसाला चमत्कारिक वाटेल. तिचे कारण समजून घेतले पाहिजे.

दख्खनच्या सुलतानांच्या दरबारात दोन तट होते. एक दख्खनी, म्हणजे येथे पिढ्यानपिढ्या राहिलेले. दुसरा परदेशी, म्हणजे इराण-तुराणातून नव्याने आलेले. दोन्ही तटांच्या सरदारांना भाऊबंद होते, सोयरेधायरे होते, म्हणून सुलतानाला दोघांचीही धास्ती. हबशी गुलामाला येथे ना चुलता ना मेहुणा. तो धन्याशिवाय कोणाकडे पाहणार? म्हणून त्याच्या हातात तलवार देणे सुरक्षित, असा हा हिशेब होता. हिंदुस्थानातील कापड जहाजाने हबसाणाकडे जाई आणि येताना मुले येत. येथल्या विणकराच्या मागावरचे लुगडे आणि तिकडल्या आईचे लेकरू एकाच बाजारात एकमेकांच्या मोलाने तोलले जात होते. दयेचा त्यात अंशही नव्हता. मात्र त्या हिशेबात एक फट होती. धनी मेला की असा शिपाई बहुधा मोकळा होई, आणि तोवर त्याला घोड्यावर बसणे, तलवार धरणे, कागद वाचणे हे सर्व आलेले असे.

बाबासाहेबांनी गुलामगिरी व अस्पृश्यता यांची तुलना केली आहे ती या ठिकाणी आठवते. गुलाम ही मालकाची मालमत्ता असते. मालमत्तेची किंमत वाढावी म्हणून मालक तिला खाऊ घालतो, शिकवितो. अस्पृश्याला शिकविण्यात कोणाचाच फायदा नव्हता. त्याच्याकडून काम घ्यायचे, पण त्याच्या पोटाची, प्रकृतीची आणि अकलेची जबाबदारी कोणीच घ्यायची नाही, अशी ती व्यवस्था. मीर कासीमने चापूला अक्षरे शिकविली. आपल्या गावात अक्षर कानावर पडेल म्हणून आपल्याला ओट्याखाली उभे करीत. गुलामगिरी चांगली होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु अंबर वर चढू शकला त्याला त्याची बुद्धी जितकी कारण, तितकीच ही फटही कारण आहे, आणि आपल्या पूर्वजांत बुद्धी कमी होती म्हणून ते वर आले नाहीत असे म्हणणाऱ्याला हेच उत्तर पुरेसे आहे.

चंगीझखानाला 1575 च्या सुमारास सुलतानाने विष देवविले. त्याच्या विधवेने अंबरला मोकळे केले. पुढची वीस वर्षे तो भाड्याचा शिपाई म्हणून हिंडला. काही काळ विजापूरकरांच्या चाकरीत होता, आणि तेथेच त्याला मलिक ही पदवी मिळाली. मलिक म्हणजे राजा! पण या राजाच्या पाठीमागे 1595 साली, तो निजामशाहीत परतला तेव्हा, अवघे 150 स्वार होते आणि त्याचे वय पन्नाशीच्या घरात गेले होते.

आता यादवीकडे येऊ. एकाच राज्यातील माणसे एकमेकांवर शस्त्र धरतात तिला आपण यादवी म्हणतो. अमेरिकेत 1861 ते 1865 या काळात अशी यादवी झाली आणि तिच्यातून तेथील काळ्या गुलामांची सुटका झाली. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले ते गुलामांना मुक्त करणाऱ्या त्या अमेरिकन लोकांनाच. दख्खनमधली यादवी कोणाच्या सुटकेसाठी नव्हती. ती केवळ गादीसाठी होती. 1595 साली अहमदनगरचा तरुण सुलतान लढाईत मेला, आणि एका राज्यात चार तट चार राजे घेऊन उभे राहिले. मियाँ मंजूने एक मुलगा गादीवर बसविला, तो राजवंशातला नव्हेच असे लवकरच उघड झाले. इखलासखान हबशाने दुसरा मुलगा पुढे केला. अभंगखान हबशाने सत्तर वर्षांच्या एका म्हाताऱ्या राजपुत्राचा पक्ष घेतला. चांदबिबी आपल्या भावाच्या तान्ह्या नातवासाठी झगडत होती. मग मियाँ मंजूने काय करावे? त्याने घरच्या भांडणात मोगलांना बोलाविले! अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन आला. चांदबिबीने किल्ला लढविला, पण 1596 च्या तहात वऱ्हाड गेले. आणि 1600 साली खुद्द अहमदनगर पडले. चांदबिबीला तिच्याच माणसांनी ठार केले. मियाँ मंजूसारखी माणसे प्रत्येक चळवळीत, प्रत्येक पंचायतीत सापडतात. एवढे सांगून मी पुढे जातो.

राज्य बुडाले असे सर्वांना वाटले. अंबरला तसे वाटले नाही. अभंगखानाच्या पदरचे 150 स्वार वाढवीत वाढवीत त्याने हजारांवर नेले होते. धनी नसलेले शिपाई, मुलूख हिरावलेले मराठे, पळालेले हबशी यांना त्याने जमविले. राजवंशातील एक तरुण शोधून परांड्याच्या किल्ल्यात त्याला मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसविले आणि आपली मुलगी त्याला दिली. परांडा म्हणजे बालाघाटाच्या पायथ्याचा किल्ला, तुमच्या आष्टी-पाटोद्याहून लांब नाही.

परंतु पुन्हा दोन तट पडलेच. राजू दख्खनी नावाचा दुसरा पराक्रमी पुरुष दौलताबाद धरून बसला. तोही एका सरदाराचा नोकर होता. धनी मोगलांना मिळाला, तेव्हा त्याचा मुलूख राजूने उचलला. उत्तर-पश्चिमेकडचा भाग राजूकडे. तेलंगणाच्या सीमेपासून अहमदनगरच्या जवळपर्यंतचा भाग अंबरकडे. म्हणजे तुमचा हा बालाघाटाचा प्रदेश अंबरच्या बाजूला आला, आणि त्यातच मोगलांची ठाणी. शेतकऱ्याची कशी दशा झाली असेल याची कल्पना करा : एक तट सारा नेतो, दुसरा वैरण नेतो, तिसरा बैल नेतो.

1602 साली नांदेडच्या बाजूला मोगलांशी झालेल्या लढाईत अंबर जखमी होऊन पडला. त्याच्या माणसांनी त्याला उचलून नेले म्हणून वाचला. यातून उठल्यावर त्याने मोगलांचा सेनापती खानखानान याच्याशी तह केला. मग त्याच्याच हातचा राजा राजूशी संगनमत करून त्याच्यावर उलटला. राजूने परांड्याकडे येऊन अंबरला हरविले, तेव्हा अंबरने कालच्या शत्रूकडे, खानखानानकडे मदत मागितली, आणि फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो की, खानखानानने बीडच्या आपल्या अंमलदाराला दोन-तीन हजार स्वारांनिशी पाठविले. त्या मदतीने राजू हटला. 1607 च्या सुमारास अंबरने राजूला पकडले आणि जुन्नरला कैदेत टाकले. यादवी संपली. राजधानी परांड्याहून जुन्नरला गेली. 1610 साली अंबरने अहमदनगरचा किल्लाही मोगलांकडून परत घेतला. दहा वर्षांपूर्वी जो राज्याचा शेवट वाटला होता तो शेवट राहिला नाही.

हे त्याने कशाच्या बळावर केले? मोगलांजवळ तोफा, हत्ती, खजिना. मैदानी लढाईत त्यांच्यापुढे टिकणे अशक्य. अंबरने मैदान दिलेच नाही. हलक्या घोड्यांवरचे मराठे स्वार घाटांतून निघत, रसद लुटीत, वैरण जाळीत आणि फौज वळेपर्यंत नाहीसे होत. विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी त्या काळी लिहितो की, अंबरजवळ त्याच्या स्वतःच्या जातीचे दहा हजार आणि दख्खनी चाळीस हजार होते. येथे ‘जात’ हा शब्द तो हबशांना लावतो. जन्माने एकमेकांना न ओळखणारी, निरनिराळ्या बंदरांत विकलेली ती मुले, त्यांचीही परक्याच्या नजरेत एक जात झाली. पुढे शिवाजी महाराजांच्या काळी ज्या युद्धपद्धतीने दिल्लीला घाम फुटला, तिचा सराव मराठ्यांच्या मागल्या पिढीने याच सेनापतीच्या हाताखाली केला होता. 1624 साली अहमदनगरच्या आग्नेयेस भातवडीला मोगल आणि विजापूरकर यांच्या जोडफौजेचा अंबरने फडशा पाडला. तलावाचे पाणी सोडून त्याने शत्रूच्या छावणीत चिखल केला, वाटा तोडल्या, रसद तोडली, रात्री छापे घातले, आणि मग हल्ला केला. शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे त्या लढाईत अंबरच्या बाजूने लढले. त्यांचे भाऊ शरीफजी तेथे कामास आले. अंबरचे वय तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होते.

तो कधी हरलाच नाही असे मात्र नाही. 1616 साली जालन्याजवळ रोषणगावला मोगलांनी त्याचा मोठा पराभव केला आणि त्याने वसविलेले खडकी शहर धुळीस मिळविले. 1617 आणि 1621 या दोन्ही साली शहाजहानपुढे त्याला तह करून मुलूख सोडावा लागला. तो सोडी, आणि फौज पाठमोरी झाली की परत घेई.

बादशहा जहांगीराचा या माणसावर इतका राग होता की, आपल्या आत्मचरित्रात तो त्याचे नाव शिवीवाचून क्वचितच घेतो, आणि ती शिवी त्याच्या रंगावरून असते. 1616 च्या सुमारास जहांगीराने एक चित्र काढविले : बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्याच्या टोकावर लटकलेल्या अंबरच्या मुंडक्यात बाण मारीत आहे. हे चित्र आज आयर्लंडमधील डब्लिन शहरी आहे. प्रत्यक्षात जहांगीराने अंबरचे मस्तक कधी पाहिलेसुद्धा नाही. जे हातून झाले नाही ते चितार्‍याकडून करवून घेतले!

परंतु शत्रूच्या शिवीपेक्षा घरातली शिवी अधिक झोंबते, आणि या सेनापतीच्या चरित्रातील सर्वांत काळे पान तेथेच आहे. त्याच डच व्यापाऱ्याने ती हकीकत दिली आहे. सुलतान मुर्तजाला अंबरच्या मुलीखेरीज एक गोऱ्या वर्णाची इराणी बायकोही होती. दोघींचे भांडण झाले. इराणी बायको अंबरच्या मुलीला म्हणाली की, तू गुलामाची पोर, बटीक. मुलीने बापाला कळविले. अंबर तेव्हा राज्याचा सर्वाधिकारी होता, त्याच्या शब्दावर पन्नास हजार तलवारी उठत होत्या, आणि तरीही ‘गुलाम’ हा एक शब्द त्याच्या काळजात शिरला. त्याने सुलतानाला आणि त्या स्त्रीला विष देवविले, आणि 1610 साली सुलतानाच्या पाच वर्षांच्या मुलाला गादीवर बसविले.

हे कृत्य घोर होते, याविषयी दुमत होऊ नये. ज्याने आपल्या धन्याला विषाने मरताना पाहिले त्याने स्वतः तेच साधन हाती घेतले. तरी तुम्ही जे या सभेत बसला आहात, त्यांना मी विचारतो : मामलेदार झालेल्या, शिक्षक झालेल्या आपल्या मुलाला कचेरीत कोणी हळूच जुन्या जातीच्या नावाने संबोधिले, तेव्हा त्याच्या तोंडावर जो रंग चढतो तो तुम्ही पाहिला नाही काय? पद वाढते, पगार वाढतो, आणि समोरचा माणूस एका शब्दाने तुम्हाला पुन्हा वेशीबाहेर उभे करतो. तो शब्द ज्या समाजाने जिवंत ठेवला त्या समाजाला अंबरने हात लावला नाही. त्याने शब्द उच्चारणारी एक बाई मारली. त्याच्या मरणानंतरही तो शब्द राहिलाच.

आता त्याच्या कारभाराविषयी. जमीनमहसुलाचा मक्ता देण्याची जुनी चाल त्याने मोडली. मक्तेदार सरकारला ठराविक रक्कम देई आणि रयतेकडून हवे ते ओरबाडी. अंबरने जमिनीची प्रत पाहून, पिकाचा अंदाज घेऊन सारा ठरविला. आधी धान्यरूपाने सुमारे दोन पंचमांश, आणि काही हंगामांच्या अनुभवानंतर रोख, सुमारे एक तृतीयांश, तोही दर वर्षीच्या लागवडीप्रमाणे. पुढे कित्येक वर्षे दख्खनच्या कागदांत ‘मलिकंबरी’ हा शब्द या धाऱ्यासाठी चालत राहिला. कुणब्याने त्याचे नाव घेतले ते यामुळे.

ग्रँट डफसारखे इतिहासकार याच संदर्भात त्याची आणखी एक कामगिरी सांगतात. यादवीत मोडलेली गावची घडी, म्हणजे पाटील-कुळकर्ण्यांपासून खालपर्यंतचे वतनदार आणि बलुतेदार, त्याने पुन्हा बसविली. कुणब्याच्या दृष्टीने हे चांगले झाले. पण आपण ते वाक्य वाचताना विचारले पाहिजे की, ‘खालपर्यंत’ म्हणजे कोठपर्यंत? त्या घडीच्या तळाशी महाराचे वतन होते : रात्रंदिवस चाकरी, सरकारी कामाला धावणे, मेलेले गुरू ओढणे, आणि बदल्यात तुकडाभर जमीन व घरोघरची भाकरी. स्वतः विकला गेलेला, स्वतः मोकळा झालेला हा पुरुष मुलखाची व्यवस्था लावताना त्या बंधनाकडे बंधन म्हणून पाहू शकला नाही. गाव वसले, सारा आला, फौजेचा पगार निघाला, यापलीकडे त्याची दृष्टी गेली नाही. त्याच वतनाची बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांना 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणावे लागले, आणि मुंबई राज्यात तसा कायदा झाला तो 1958 साली. अंबरला आपण दोष किती द्यावा हा निराळा प्रश्न. त्याच्या काळच्या एकाही राजाला ते दिसले नव्हते. परंतु ज्याच्या पायात बेडी होती त्याला दुसऱ्याची बेडी आपोआप दिसते, ही समजूत मात्र या चरित्राने टिकत नाही.

त्याचे पाणी मात्र सर्वांच्या उपयोगी पडले असे म्हणता येते. 1610 नंतर त्याने खडकी येथे नवी राजधानी वसविली, आणि तेथे उत्तरेकडील डोंगरांतून जमिनीखालून पाणी आणले. या भुयारी नळाला नहर-ए-अंबरी म्हणतात. ठिकठिकाणी उच्छ्वास सोडलेले, दाबाने पाणी वर चढविणारे असे ते काम आहे. लोक पाणचक्की पाहून तीच अंबरची नहर समजतात. पाणचक्की नंतरच्या काळातील आहे. खडकीचे नाव अंबरच्या मुलाने फतेहनगर केले, मग ते औरंगाबाद झाले, आणि 2023 साली छत्रपती संभाजीनगर. त्याच शहरात 1950 साली बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय काढले, आणि बीडच्या खेड्यापाड्यांतली पोरे वळकटी घेऊन तेथे शिकावयास गेली.

मे 1626 मध्ये, सुमारे 78 व्या वर्षी, अंबर मरण पावला. अखेरपर्यंत दौलत त्याच्याच हातात होती. जहांगीराच्या दरबारच्या इतिहासकाराने, म्हणजे शत्रूच्या चाकराने, त्याच्या मृत्यूची नोंद करताना कबूल केले की, युद्धात आणि राज्यकारभारात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता, आणि हबशी गुलाम एवढ्या पदाला चढल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही. बादशहाच्या शिव्या आणि ही नोंद एकाच दरबारातून निघाल्या.

त्याचा मुलगा फतेहखान. बापाने शून्यातून जे उभारले ते याला आयते मिळाले. अंबरने गादीवर बसविलेल्या सुलतानाला त्याने ठार केले, आणि 1633 साली दौलताबादचा किल्ला शहाजहानच्या हवाली करून स्वतः मोगलांचे वर्षासन पत्करले. शहाजीराजांनी आणखी एका मुलाला गादीवर बसवून तीन वर्षे झुंज दिली. 1636 साली निजामशाही संपली.

तुमच्यापैकी पुष्कळ जण वेरूळची बौद्ध लेणी पाहावयास जातात. दौलताबादहून वेरूळला जाताना वाटेत खुलदाबाद लागते. अंबरने हयातीतच बांधून घेतलेली त्याची कबर तेथे आहे, आणि जवळच त्याची बायको बीबी करीमा हिची. मोटार पाच-दहा मिनिटे थांबवून मुलांना ती दाखवा, आणि चापू हे नावही सांगा.